नायकानं शपथ मोडावी का?

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आमच्या घरात कुणी लिहीत नाही. पेन नाही, पेन्सिल नाही. खिडकीच्या काचेवर वाफ धरली आणि त्यावर कुणी बोटानं रेघ ओढली, तरी आईचा आवाज चढायचा. हा नियम नसता तर माझ्या मुलीचा तो नायक, त्याची तलवार आणि त्याच्या दर आठवड्याच्या नव्या भानगडी वहीत गुमान पडून राहिल्या असत्या आणि आमची शनिवारची जेवणं सुखानं झाली असती.

मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर फेकून वही उघडायची आणि हिब्रूत कादंबरी लिहायची. कादंबरीत ड्रॅगन, बोलणारे घोडे, उलट्या वाहणाऱ्या नद्या, आणि या सगळ्यांत एक सतरा वर्षांचा नायक, ज्याला जेवायला कधी वेळच मिळत नाही. शाळेतल्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की तलवार काय, कुणीही फिरवील. खऱ्या नायकाला दिलेमा पाहिजे.

"दिलेमा म्हणजे काय गो?" आईनं मला विचारलं.

"म्हणजे हे केलं तरी पंचाईत, ते केलं तरी पंचाईत."

"मग त्यात शाळेत शिकवायचं काय? मला सकाळी उठल्यापासून तेवढंच असतं."

तर शनिवारी वही बंद. मग आमची बया जेवताना गोष्ट तोंडानं सांगायची, नायकाला कुठंतरी अडकवून ठेवायची आणि आम्हा तिघांना विचारायची, आता यानं काय करावं? आम्ही काय म्हटलं ते लक्षात ठेवायचं आणि संध्याकाळी तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, की धावत जाऊन वहीत उतरवायचं. तिची ती पद्धतच होऊन बसली.

आमचं घर बेर्शेबात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. घरात आई, मी, मुलगी आणि आमचे हे. हे बस चालवायचे, बेर्शेबा ते मित्स्पे रामोन आणि परत. मी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरी धुऊन इस्त्री करायची. मुलीला मराठी कळायचं सगळं, पण तोंडातून यायची हिब्रू. आईला हिब्रू यायची ती भाजीबाजारापुरती. टोमॅटोवाल्याशी ती तास तास भांडू शकायची, पण ड्रॅगनचं मन तिला त्या भाषेत उमगत नव्हतं. म्हणून मध्ये मी, दुभाषी. माझा भात गार व्हायचा तो त्यामुळे.

पहिल्या शनिवारी नायक गुहेत शिरला. ड्रॅगन झोपलेली, तिच्या पंखाखाली चार पिल्लं. राजाचा हुकूम, ड्रॅगनला मार. मारलं तर पिल्लं पोरकी, नाही मारलं तर ती गाव जाळणार.

"बाळंतिणीला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "सव्वा महिना थांब म्हणावं. मग बघू."

मुलीनं हे ऐकलं आणि तिचा चमचा हवेतच राहिला. तिच्या डोक्यातही हे आलं नव्हतं. रात्री तिनं खरोखर नायकाला गुहेच्या तोंडाशी सव्वा महिना बसवलं, आणि तेवढ्यात ड्रॅगनची आणि त्याची ओळख झाली.

दुसऱ्या शनिवारी पूल. पुलावर आंधळा राखणदार, पलीकडे जायला त्याच्या कमरेची किल्ली चोरावी लागणार. आंधळ्याकडून चोरी करावी का?

"तो टाइमटेबलाप्रमाणे पूल उघडत नाही का?" यांनी विचारलं.

"अब्बा, ही गोष्ट आहे!"

"गोष्टीत पण माणसांना कामावर जायचं असतं." मग म्हणाले, "माझ्या बशीत एकदा एक जण चढला बिनतिकिटाचा. बाहेर ऊन असं, की रस्ता हलताना दिसत होता. मी त्याला पाहिलंच नाही. म्हणजे पाहिलं, पण नाही पाहिलं. तुझा राखणदार खरंच आंधळा आहे का, ते आधी बघ."

तेही वहीत गेलं. राखणदार डोळस निघाला आणि त्यानं मुद्दाम मान फिरवली. मला वाटतं ते प्रकरण तिच्या बाईंना फार आवडलं होतं. माझं एकही मत कधी वहीत गेलं नाही, हे आपलं सांगून ठेवते. दुभाष्याला कोण विचारतं!

हे असं हसणंखेळणं चाललेलं, पण त्या वर्षी आमच्या सगळ्यांचा जीव खरा टांगणीला लागला होता तो आईपायी. तिच्या हृदयाची एक झडप झिजली होती. तीन मजले चढायला तिला पंधरा मिनिटं लागायची; प्रत्येक मजल्यावर उभी राहून शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचते आहे असं दाखवायची. तिला एक अक्षर हिब्रू वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर बाई कितीतरी वर्षं जगतील, नाही केलं तर पुढचा उन्हाळा काढणं कठीण. तारीख दिली, फॉर्म दिला. आईनं फॉर्मवर साइन करायला नकार दिला.

कारणं तरी किती! डॉक्टर फार लहान आहे, त्याची बार मित्झ्वा, तेराव्या वर्षाची मुंज, कालपरवा झालेली दिसते. हॉस्पिटलात रश्शाला तिखट नसतं. नर्स हात धुते की नाही कोण बघणार? चादरी मी धुते, हे मी सांगितलं. "म्हणूनच," ती म्हणाली. "तुझी इस्त्री मला माहीत आहे."

मी रडून पाहिलं, ओरडून पाहिलं. भाऊ, मावश्या, सिनेगॉगमधली माणसं, सगळ्यांना मध्ये घालून झालं. आईचं एकच, "आत्ता नको. माझं एक काम राहिलंय." कोणतं काम, विचारलं की उठून खोलीत जायची. मी हात टेकले. मला वाटायचं, म्हातारी घाबरली आहे आणि कबूल करत नाही. कधी कधी तर मला तिचा असा राग यायचा, की इस्त्री करताना चादर जळायची.

आणि मग तो तिसरा शनिवार आला.

प्लाटावर, शब्बाथभर चालू राहणाऱ्या विजेच्या तव्यावर, ठेवलेला नारळाच्या रसातला भात आणि माशाचं कालवण मी टेबलावर आणलं. मुलगी त्या दिवशी नायकाचं नावच काढत नव्हती. केसांची बट चावत होती. आईनंच विचारलं, "काय गो, आज तुझा मेला कुठं अडकलाय?"

मुलीनं सांगायला सुरुवात केली. मी भाषांतर करत होते. एका बुरुजात एक म्हातारी जादूगारीण राहते. तिच्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. नायकानं चुकून तो उघडला. आत काय आहे ते पाहिलं. जादूगारणीनं त्याला पकडलं आणि दाराच्या चौकटीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की आत काय आहे ते कुणालाही सांगायचं नाही. शपथ मोडली तर जिभेचा दगड होईल.

"बरोबर केलं," आई म्हणाली. "दुसऱ्याचा डबा उघडायचा कशाला?"

मुलगी पुढं सांगत राहिली. जादूगारीण आजारी आहे. औषध समोर ठेवलंय, पण ती घेत नाही, आणि का घेत नाही ते त्या डब्यात आहे. राजवाड्यात तिची मुलगी आहे. तिला डब्याचं माहीत नाही. माहीत असतं तर तिनं काहीतरी केलं असतं. नायकाला एकट्यालाच माहीत आहे. आता त्यानं शपथ पाळावी, की तोंड उघडावं?

हे म्हणाले, "अवघड आहे." आणि मासा निवडत बसले.

आईला अवघड वगैरे काही वाटलं नाही. तिनं पाणी प्यायलं, दम घेतला आणि निकाल दिला. "तोंड उघड म्हणावं मेल्याला! म्हातारी मरायला टेकली आणि हा शपथ सांभाळत बसलाय! असला कसला गो नायक?"

मी मध्ये बोलायला गेले तर मुलीनं हातानं मला थांबवलं. ती सरळ आईकडे बघत होती.

"सावता," ती म्हणाली. आजीला ती सावता म्हणायची. आणि मग चक्क मराठीत, अडखळत, "नक्की?"

"नक्की."

"दारावर हात ठेवला होता तरी?"

"तरी. जिभेचा दगड झाला तर झाला. म्हातारी तर वाचेल."

"म्हातारी रागावली तर?"

"रागावू दे. जिवंत राहून रागा..."

आईचा हात ताटावरच थांबला. तिनं मुलीकडे पाहिलं, मग आमच्या घराच्या दाराकडे, जिथं चौकटीवर पवित्र वचनांची डबी, मेझुझा, लावलेली आहे, आणि मग पुन्हा मुलीकडे.

मुलगी उठली, आईच्या खोलीत गेली आणि कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. माझ्या ताटाशेजारी ठेवला. मग आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढून बघून आली, हे मी विसरणार नाही.

डब्यात एका पांढऱ्या रुमालात लहान मुलीची वेणी गुंडाळलेली होती. काळी, पातळ, टोकाला लाल रिबीन.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तुझी," आई म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी चार वर्षांची असताना मला टायफॉइड झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आईनं एलियाहू हन्नबीला, आमच्या संदेष्ट्याला, नवस केला, पोर वाचली तर तिचे केस घरी कापणार नाही, अलिबागजवळच्या त्या खडकापाशी, जिथं हन्नबीच्या घोड्यांच्या टापा उमटल्या आहेत, तिथं तिला घेऊन येईन, मलिदा करीन आणि केस तिथंच उतरवीन. मी वाचले. आज जाऊ उद्या जाऊ करत दोन वर्षं गेली. बाबांची मुंबईच्या गिरणीतली पाळी सुटेना. आणि एकदम इकडे यायची चिठ्ठी आली, चार दिवसांत निघा. पावसाळा होता, रेवसची लाँच बंद, वळसा घालून गावी जायला दिवस नाहीत. त्यात माझ्या डोक्यात उवा झालेल्या. तशी पोर नेली तर तिकडे उतरवून घेणार नाहीत, असं कुणीतरी आईच्या मनात भरवलं. तिनं निघायच्या आदल्या दिवशी माझे केस कात्रीनं कापले. वेणी बिस्किटांच्या डब्यात घातली आणि बोटीवर सगळं सामान कुणाच्याही हाती दिलं, तो डबा सोडून.

"पस्तीस वर्षं माझे केस तू बिस्किटांच्या डब्यात ठेवलेस?" मी ओरडलेच. "आणि त्यासाठी ऑपरेशन नको म्हणतेस? अगं, हन्नबीला कळत नाही का लाँच बंद होती ते!"

"त्याला कळतं गो," आई म्हणाली. "पण मी टेबलावरच गेले तर? नवस तुझ्या जिवावरचा. फेडायला मी नसले तर तो कुणावर येणार? तुझ्यावर. मी मेले तर मेले. तुला काही झालं तर?"

इतके महिने मी समजत होते की ही स्वतःच्या जिवाला घाबरते आहे. मी खुर्चीवर बसले आणि हमसून हमसून रडले. आई पण रडली. हे उठून सगळ्यांना पाणी देत फिरले, आणि दोनदा दिलं.

शेवटी तोड निघाली ती अशी. मी उठले, दारापाशी गेले आणि मेझुझावर हात ठेवला. म्हटलं, हा नवस आजपासून माझा. आई उठली तर तिला घेऊन जाईन, नाही उठली तर एकटी डबा घेऊन जाईन. आता माझ्यावर यायचं काही राहिलंच नाही, मी आपणहून घेतलंय. आई बराच वेळ विचार करत होती, यात कुठं फट आहे का ते बघत होती. मग म्हणाली, "फॉर्म आण."

"शब्बाथ आहे," मुलगी म्हणाली. "लिहायचं नाही."

आणि आम्ही सगळे हसत सुटलो. तीन तारे दिसल्यावर आईनं फॉर्मवर मराठीत सही केली.

ऑपरेशन झालं. बार मित्झ्वावाल्या डॉक्टरनं ते फार चांगलं केलं आणि आईनं शुद्धीवर येताच त्याला कोशिंबिरीत मीठ नसल्याचं सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात ती आणि मी मुंबईला गेलो, तिथून गावी. मुलीची शाळा होती, यांच्या फेऱ्या होत्या. खडक शेतात आहे, साधाच आहे. मी मनात काहीतरी फार मोठं धरलं होतं. आई मात्र चप्पल काढून सरळ चालत गेली, दम न घेता. जातवाल्या एका घरात आम्ही मलिदा केला. पोहे भिजवले, गूळ घातला, ओलं खोबरं, वेलची, वर फळं मांडली. माझे चाळिशीतले केस जरासे उतरवले आणि त्या वेणीबरोबर खाडीत सोडले. मला वाटलं, झालं. सुटले मी. पाठीवरचं ओझं उतरलं.

परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "मी आणखी एक बोललेय त्याला."

"कुणाला? काय?"

"पोर आता दोन-तीन वर्षांत फौजेत जाईल. सुखरूप परत आली तर तिला तिथं नेईन. केस तिथंच उतरवीन."

मी रस्त्यातच थांबले. माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आईवर काही परिणाम नाही. उलट तिनं माझा हात धरला आणि मुलीला यातलं अक्षर सांगायचं नाही, अशी तिथंच मला शपथ घातली. "ती हसेल. नवसाला हसू नये."

मुलगी फौजेत गेली. तिची दक्षिणेतच एका तळावर नेमणूक झाली; पण आई प्रत्येक बातमीला रेडिओजवळ जाऊन उभी राहायची. मुलगी घरी आली की बंदूक कुठं ठेवायची यावरून दोघींचं भांडण व्हायचं, आणि मग दोघी खोलीत दार लावून तासभर कुजबुजायच्या. नात फौजेतून सुटायच्या चार महिने आधी आई गेली. झोपेतच. ऑपरेशननंतर पाचेक वर्षं मिळाली तिला, आणि त्यातला एकही दिवस तिनं गप्प राहून काढला नाही.

मुलगी सुखरूप परत आली. विद्यापीठात जाऊ लागली. आणि मी अडकले. सांगितलं तर आईची शपथ मोडते. नाही सांगितलं तर नवस चुकतो, आणि तो कुणावर येणार हे मला चांगलं ठाऊक होतं. मी वर्षभर झोपले नाही नीट. त्यात पोर केस कापेना. कमरेपर्यंत आलेले, न्हाणीत केस, भातात केस. मी रोज कटकट करायची, अगं कात्री लाव, आणि रोज मनातल्या मनात म्हणायची, नको लावूस.

एका शनिवारी मी कालवण वाढता वाढता म्हणाले, "माझ्या गोष्टीत एक बाई आहे."

यांनी मान वर केली. मुलीनं चमचा खाली ठेवला.

"तिला एका म्हातारीनं शपथ घातली आहे. तिच्या मुलीच्या बाबतीत. म्हातारी आता नाही. शपथ पाळली तर मुलीला..."

"इमा," मुलगी म्हणाली आणि मराठीत बोलू लागली, तसंच अडखळत. "सावतानं मला पण शपथ घातली होती. दारावर हात ठेवून. तुला सांगायचं नाही, तू रडशील म्हणाली." तिनं मानेवरून आपली ती लांबलचक वेणी पुढं घेतली. "नाहीतर हे मी कशासाठी वाढवते आहे?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी रडले, अर्थातच. म्हातारीचं हेही खरं झालं. मग हे म्हणाले की मार्चमध्ये त्यांना दोन आठवड्यांची सुट्टी आहे, आपण तिघंही जाऊ, तारीख तेवढी सगळ्यांनी लक्षात ठेवा, तारे दिसले की लिहून ठेवतो.